मोदक गार का? समस्त मिठाईवाल्यांस अर्जवजा खुले पत्र

प्रति,
समस्त मिठाईवाले, केटरर मंडळी आणि ‘येथे उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या जातील’ अशी पाटी लावणाऱ्या सर्व आस्थापना,
मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि जिथे जिथे गणपती बसतो तिथे.

विषय : भाद्रपदातल्या मोदकाचं तापमान, त्याच्या पारीची जाडी आणि एकूण तब्येत.

स.न.वि.वि.

प्रस्तुत अर्जदार हा आपला जुना गिऱ्हाईक आहे. परीक्षेचा निकाल, बारसं, नवी गाडी, या सगळ्यांचे पेढे तो आपल्याकडूनच नेतो. दसऱ्याचं श्रीखंड आपलंच. दिवाळीतल्या चकल्याही आपल्याच, फक्त पाहुण्यांपुढे त्या घरच्या असतात. तेव्हा या पत्रामागे काही आकस नाही, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. अर्जदाराला भांडायचं आहे ते एकाच पदार्थावरून आणि वर्षातल्या एकाच दिवसावरून. त्या दिवशी मात्र तो माघार घेत नाही.

अर्जदाराची भूमिका काय आहे तेही सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. वर्षभराच्या सणांची सगळी पक्वान्नं एका पंगतीला बसवली, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड, संक्रांतीची गुळपोळी, दिवाळीचे अनारसे, तरी त्याच्या मते पहिला क्रमांक उकडीच्या मोदकाचा. दुसरा क्रमांक त्याच ताटातल्या दुसऱ्या मोदकाचा. पुरणपोळीचा विचार पाचव्या मोदकानंतर करता येईल. हे मत पक्षपाती आहे, आणि पुरणपोळीवाल्यांना ते मान्य नसेल तर त्यांनी स्वतंत्र पत्र लिहावं.

पक्षपाताला कारणही आहे. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ली तरी खुलते. काही घरांत तर ती मुद्दाम शिळीच खातात. गुळपोळी डब्यात आठवडाभर खुशाल राहते. अनारशाचं पीठ आधीपासून करून ठेवलेलं असतं. श्रीखंड जितकं मुरेल तितकं चांगलं. उकडीचा मोदक एकटाच असा, की त्याला थांबणं माहीत नाही. तो पात्रातून उतरतो, ताटात येतो, त्याचं नाक मोडून आत साजूक तूप पडतं आणि पुढच्या पंधरा मिनिटांत जे काय व्हायचं ते होऊन जातं. त्यानंतर उरतो तो मोदकाचा आकार. आणि आपला सगळा धंदा, माफ करा, त्या आकारावर चालला आहे.

पहिली तक्रार अर्थातच काचेच्या फ्रीजची. गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात शिरावं तर काजूकतली आणि रसमलाई यांच्या मधल्या फळीवर उकडीचे मोदक पाच-पाचच्या प्लास्टिकच्या डब्यांत बसवून ठेवलेले असतात. डब्याच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमलेले. ते थेंब मोदकाच्या नाकावर पडतात, तिथली पारी पांढुरकी आणि चिकट होते. बुडाशी मात्र ती कोरडी पडून तिला चरे गेलेले असतात. बोटानं दाबलं तर मोदक दबत नाही, सरकतो. घरी नेऊन तो ताटात ठेवला की टक्क असा आवाज येतो. मोदकाचा आवाज येता कामा नये, एवढी साधी अपेक्षा ठेवणारा अर्जदार फार मागतो आहे का?

यात आपला हलगर्जीपणा आहे असंही नाही. दोष तांदळाच्या स्वभावाचा आहे. उकळत्या पाण्यात पिठी पडली की तिच्यातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून उकड मऊ आणि तुकतुकीत होते. ती गार व्हायला लागली की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून रांगा करू लागतात आणि मध्ये धरून ठेवलेलं पाणी बाहेर टाकतात. शिळा भात टरटरीत होतो तो याचमुळे. या क्रियेला अन्नशास्त्रात रेट्रोग्रेडेशन म्हणतात, आणि ती सगळ्यात वेगानं होते शून्याच्या जरा वर, म्हणजे नेमकी आपल्या फ्रीजच्या तापमानाला. मोदक बिघडवण्यासाठी कुणी खास यंत्र बनवायला घेतलं असतं तर त्यानं आपलं शोकेसच बनवलं असतं. उणे अठरा अंशांवर ही क्रिया फार मंदावते. म्हणूनच अमेरिकेतल्या मराठी घरांत भारतीय वाणसामानाच्या दुकानातून आणलेला गोठवलेला मोदक वाफेवर ठेवल्यावर बऱ्यापैकी माणसात येतो, आणि इथे चार पावलांवरच्या दुकानातला येत नाही. हजारो मैल प्रवास केलेल्या मोदकानं गल्लीतल्या मोदकाला हरवावं, ही गोष्ट आपण मनावर घ्यायला हवी.

मग फ्रीजमध्ये ठेवता कशाला? कारण बाहेर ठेवला तर आतलं ओलं खोबरं आंबतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत नारळाचं सारण फार वेळ दम धरत नाही. म्हणजे मोदक आत ठेवला तर पारी जाते, बाहेर ठेवला तर सारण जातं. अर्जदाराच्या अल्पमतीप्रमाणे याचा अर्थ एकच होतो. हा पदार्थ साठवायचा नाही. पण साठवायचा नाही म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि इथूनच पुढच्या सगळ्या भानगडी सुरू होतात.

दुसरी तक्रार वेळेची. ऑर्डरच्या पावतीवर शिक्का असतो : ‘मोदक सकाळी ६ ते ८ या वेळेतच घेऊन जावेत.’ आता गणेश चतुर्थीची पूजा मध्यान्हीची. पंचांगकर्तेसुद्धा ज्या दिवशी मध्यान्हकाळी चतुर्थी असते तोच दिवस धरतात. म्हणजे प्राणप्रतिष्ठा, आवाहन, पत्री, आरती असं सगळं उरकून नैवेद्य दाखवायला साडेबारा-एक सहज वाजतो, आणि गुरुजी तीन घरं करून येणार असतील तर दोन. सहा वाजता हातात पडलेला मोदक रात्री कधीतरी वाफवलेला असणार. देवासमोर जाईपर्यंत त्याला निदान आठ-दहा तास झालेले असतात. देव काही बोलत नाही. घरातले जावई बोलतात.

आपली अडचण अर्जदाराला कळत नाही असं नाही. एका दिवसात हजारो नग काढायचे, कारागीर रात्रभर उभे, दारात रांग, वर रस्ते मिरवणुकांनी बंद. पण याच दुकानात सकाळी सात वाजल्यापासून गरम जिलबी उतरत असते. समोसे घाण्यामागून घाणा तळले जातात. शेजारच्या गाडीवर वडा डोळ्यांदेखत कढईत पडतो. गिऱ्हाईक दहा मिनिटं तिष्ठत उभं राहतं आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. मोदकाला वाफ लागते ती दहा-पंधरा मिनिटांची. वळलेले कच्चे मोदक ओल्या फडक्याखाली काही वेळ नीट राहतात; गिऱ्हाईक येईल तसं एकेक पात्र चढवायचं. दादर-गिरगावातल्या काही जुन्या मराठी उपाहारगृहांत ताटलीतला मोदक गरम मिळतो, वर तुपाची वाटी मिळते. त्यांना जे जमतं ते आपल्याला चतुर्थीच्या दिवशी का जमू नये?

आता पारी. अर्जदाराला हा विषय जवळचा असल्यानं इथे पत्र थोडं लांबेल.

चांगली उकड म्हणजे निम्मा मोदक. नवा, सुवासिक तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचा आणि बारीक दळून आणायचा. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे. तो न मिळाला तर इंद्रायणी, बासमतीचा तुकडा, काहीही चालतं, फक्त जुना कोरडा तांदूळ चालत नाही, कारण त्याची पारी वळताना फाटते. वाटीला वाटी पाणी, मीठ, चमचाभर लोणी. पिठी घालून झाकण, एक वाफ. मग खरी परीक्षा : उकड हाताला चटके देत असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायची. गार झाल्यावर मळणारा माणूस मोदकाला पहिल्याच पायरीवर दगा देतो. मग लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठे आत आणि बोटं बाहेर, असं दाबत त्याची वाटी करायची. कड पातळ, मध्यभाग किंचित जाड, कारण सारणाचं ओझं तळाला पेलायचं असतं. सारण भरलं की अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत कळ्या पाडायच्या, एकीला लागून दुसरी, आणि मग हळूच सगळ्या वर गोळा करून मिटायच्या. सराईत हातातून एकवीस कळ्या पडतात. नवशिक्याच्या सातच पडल्या तरी बिघडत नाही, पारी पातळ असेल तर.

आपल्या साच्यातल्या मोदकाला कळ्या अगदी एकसारख्या असतात. त्याबद्दल तक्रार नाही. यंत्रावर केला म्हणूनही तक्रार नाही. हजारो नग हातानं वळून बोटं सुजवून घ्या असं सांगणारा माणूस कधी मोदक वळायला बसलेला नसतो. तक्रार आहे ती साचा सुटताना पारी फाटू नये म्हणून तिला दिलेल्या जाडीची. बुडाला तर अशी जाडी की निम्मा मोदक खाऊन होईतो सारणाची भेटच होत नाही. वर बघावं तर नाकाचा पाऊण इंच सगळा भरीव पीठ. वजनावर विकायचा असता तर हिशेब तरी कळला असता. आपण नगावर विकता, तीस-चाळीस रुपयांना एक, आणि त्या पैशात उकड जास्त नि खोबरं कमी येतं. नारळ महाग झालाय हे अर्जदारालाही बाजारात कळतं. मग भाव वाढवा, पाटी लावून वाढवा. पीठ वाढवू नका.

सारणाचीही थोडी चौकशी करायची आहे. ओला नारळ खवताना पांढरा तेवढा घ्यायचा, काळपट साल येऊ द्यायची नाही. गूळ चिकीचा नको, साधा. दोन्ही मंद आचेवर फिरवायचं. जास्त आटलं तर सारणाची चिक्की होते, कमी आटलं तर रस सुटून मोदक बुडाशी फुटतो. शेवटी वेलची, किंचित जायफळ, भाजलेली खसखस. एवढंच. गेल्या काही वर्षांत अर्जदाराला दुकानी सारणात वाळक्या खोबऱ्याचा कीस, साखर, टुटीफ्रुटी आणि एकदा गुलाबाचं इसेन्स सापडलं आहे. दुकानांची नावं सांगण्याचं कारण नाही. ज्यांचं त्यांना कळेल. इसेन्सवाल्या मोदकाचा वास दोन दिवस डब्यातून गेला नाही, आणि त्या डब्यात नंतर ठेवलेल्या पोळ्यांनाही अत्तर लावल्यासारखं झालं.

आणि हळदीचं पान? पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या हळदीला भाद्रपदात लांबरुंद, ताजी पानं आलेली असतात. सण आणि पान दोन्ही एकाच वेळी हजर असतात. मोदकपात्राच्या चाळणीवर पान अंथरलं की वाफेबरोबर त्याचा वास पारीत उतरतो. गोव्यात आणि कोकणात याच पानात गुंडाळून पातोळ्या उकडतात. बाजारात ही पानं सणाच्या सुमारास जुड्यांनी मिळतात. आपल्या डब्यात मात्र मोदकाखाली हिरवा कागद असतो, आणि त्यावर पानाच्या शिरा छापलेल्या असतात.

आता जरा नाजूक विषयाकडे वळू या. चॉकलेट मोदक, आंबा मोदक, पान मोदक, गुलकंद मोदक, बटरस्कॉच मोदक. आणि मोतीचूर मोदक, जो पाहिल्यावर लाडवानंच डोक्यावर टोपी घातली आहे असं वाटतं. अर्जदार इथे सोवळं नेसून उभा नाही. मोदकानं आपला पोशाख नेहमीच बदलला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ रचला, त्यात तांदळाच्या पिठाचे, गोड सारणाचे, वेलची-कापरानं सुगंधी केलेले आणि गारांसारखे दिसणारे मोदक आहेत. आज कुणी कापूर घालत नाही आणि त्याबद्दल कुणी रडतही नाही. देशावर, विदर्भात, खानदेशात मोदक तळणीचा. तिथे नारळीच्या बागा नव्हत्या, सुकं खोबरं पोचत होतं. म्हणून सुक्या खोबऱ्याचं सारण, कणकेची किंवा रवा-मैद्याची पारी, आणि तळण. तो खुसखुशीत असतो, चार दिवस टिकतो, डब्यातून गावाला जातो. उकडीवाल्यांनी त्याला नाकं मुरडू नयेत. तमिळनाडूत कोळकट्टै, कर्नाटकात कडुबू. जिथे जे पिकलं त्याप्रमाणे तो घडला.

जपानची गोष्ट तर आपण फ्रेम करून गल्ल्यामागे लावावी. बौद्ध धर्माबरोबर आपला गणपती तिकडे गेला, कांगितेन नावानं पुजला जाऊ लागला, आणि त्याचा नैवेद्यही बरोबर गेला. क्योटोत १६१७ साली सुरू झालेलं कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान आजही तो बनवतं. लाल आझुकी बियांचं गोड सारण, त्यात सात सुगंधी द्रव्यं, पिठाची पारी, वर आठ चुण्या घालून मिटलेली थैली, आणि तिळाच्या तेलात तळण. खोबरं तिथे नव्हतं, म्हणून बी आलं. वाफ गेली, तेल आलं. पण पारी राहिली, सारण राहिलं, चुण्या राहिल्या. आणि हे सांभाळणाराही मिठाईवालाच होता.

आपल्या खव्याच्या मोदकाला मात्र पारी नाही आणि सारणही नाही. तो साच्यातून काढलेला पेढा आहे. पेढा म्हणून तो उत्तम आहे, आणि मंडपात दोन हजार माणसांच्या हातावर प्रसाद ठेवायचा तर त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. उकडीचा मोदक घेऊन कुणी रांगेत उभं राहू शकत नाही. तेव्हा तो जरूर विका, फक्त त्याची फळी वेगळी ठेवा. पाटी मोठी लावा, म्हणजे ‘दोन डझन मोदक द्या’ असं घाईत सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला घरी जाऊन डबा उघडल्यावर पिस्त्याच्या रंगाचे पेढे दिसणार नाहीत. शिवाय सणाच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाची माणसं खव्याचे नमुने घेत फिरतातच. घरच्या घरी खव्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि तो निळा पडला तर खव्यात पिष्ट मिसळलं आहे असं समजावं. हा प्रयोग उत्साहाच्या भरात कुणी उकडीच्या मोदकावर करू नये. तो निळाच पडेल. बिचारा तांदळाचाच आहे.

चॉकलेट मोदकाबद्दल अर्जदाराला बरीच वर्षं एक वेगळीच चिंता होती. मिठाईवर जीएसटी ५ टक्के, चॉकलेटवर १८. मग हा गृहस्थ नेमका कुठल्या रांगेत? २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटही ५ टक्क्यांत आलं आणि ती चिंता मिटली. चव होती तिथेच आहे.

इथपर्यंत वाचून आपण म्हणाल, सगळा दोष आमचाच का? नाही. मोदकाच्या ऱ्हासात गिऱ्हाइकाचा वाटा मोठा आहे. काउंटरवर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवस टिकतील हो?’ ज्या पदार्थाचं सगळं वैभव पाव तासाचं, त्याला हा प्रश्न विचारायचा आणि मग दुकानदारानं ‘दोन दिवस फ्रीजमध्ये बिनधास्त’ असं उत्तर दिलं की खूश व्हायचं. दुसरा प्रश्न, ‘पस्तीस रुपये? एकाचे?’ हाच माणूस मॉलमध्ये दोनशे रुपयांची कॉफी मुकाट्यानं पितो. त्याच्या घरी आजवर मोदक फुकट होत आले, कारण ते वळणाऱ्या बाईची मजुरी कुणी धरली नाही. पहाटे उठून नारळ खवणार, उकड मळणार, वाफेपुढे उभी राहणार, सगळ्यांना गरम गरम वाढणार, आणि स्वतः शेवटी, अडीच वाजता, पात्रात उरलेले फाटके मोदक गार खाणार. बाजारात मोदक मिळू लागला ही चांगली गोष्ट झाली. ‘घरच्या मोदकाची सर नाही’ असं म्हणत पाट अडवून बसणाऱ्यांनी आधी एकदा उकड मळून पाहावी. म्हणूनच आपण जो मोदक विकता तो चांगला असायला हवा. तो गार आणि जाड निघाला की ताटावर बसलेला कुणीतरी म्हणतो, ‘बघ, म्हणून सांगत होतो, घरीच करायला हवे होते,’ आणि पुढच्या वर्षी एक बाई पुन्हा पहाटे चारला उठते.

आता मागण्या. फार नाहीत.

चतुर्थीच्या दिवशी मोदक तासावर विका. सकाळी सहाचा एकच ढीग न करता साडेनऊचा घाणा, अकराचा, साडेबाराचा अशा वेळा पावतीवर लिहा. ज्याच्या घरी पूजा जेव्हा असेल तो तेव्हा येईल. रांग लागेल, पण ती दिवसभरात वाटली जाईल, आणि आपल्या कारागिरांनाही रात्र जागावी लागणार नाही.

ज्यांना आधीच न्यायचे आहेत, लांब न्यायचे आहेत, त्यांना कच्चे वळलेले मोदक विका. पंधरा मिनिटं घरी वाफवायला कुणाचीही हरकत नसते. कुकरची शिट्टी काढून ठेवली की चाळणी, पाणी आणि झाकण एवढ्यावर काम भागतं. डब्यात एक कागद घाला : पाणी उकळल्यावरच मोदक ठेवावेत, ठेवण्यापूर्वी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढावा, एकमेकांना चिकटवू नयेत. हे तीनच नियम. हळदीचं एक खरं पान सोबत द्या, छापलेलं नको. ज्यांना तयारच हवेत त्यांना निदान गोठवलेले द्या, फ्रीजमधले देऊ नका.

मोदक वळायला आपल्या आसपासच्या बायकांना बोलवा. बचत गट आहेत, घरून ऑर्डरी घेणाऱ्या आहेत. चतुर्थीच्या आठवड्यात त्यांचा हात आपल्या साच्यापेक्षा वेगवान नसेल, पण पारी नक्की पातळ असेल. त्यांना नगामागे नीट पैसे द्या आणि ‘हातवळणीचे’ म्हणून भाव जास्त लावा. अर्जदार तो देईल. कुरकुरेल, पण देईल.

तुपाबद्दल एक कळकळीची विनंती. डब्यात घातलेली ती चमचाभराची पुडी बंद करा. तिच्यातलं तूप कुठल्या जनावराचं हे अर्जदाराला आजवर उलगडलेलं नाही. तूप घरात असतं.

शेवटची मागणी कायद्याशी संबंधित आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बंधनकारक केलं. तारीख काजूकतलीला शोभते. उकडीच्या मोदकाच्या ट्रेवर आपण तारखेच्या जोडीला वाफेतून काढल्याची वेळ लिहावी. सरकारनं सांगायची वाट पाहू नये. २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. त्या महोत्सवाच्या मुख्य पाहुण्याच्या पानात काय पडतं याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं, आणि मंत्रालयापेक्षा हे काम आपल्याला जास्त चांगलं जमेल.

या मागण्या मान्य झाल्यास अर्जदार पुढच्या चतुर्थीला एकवीस मोदकांची ऑर्डर साडेबाराच्या घाण्यासाठी आगाऊ पैसे भरून नोंदवण्यास तयार आहे. अमान्य झाल्यास तो पेढे, श्रीखंड आणि चकल्या आपल्याकडूनच नेत राहील, मोदक मात्र नेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक जुना गिऱ्हाईक

ता.क. : मोदक वळून उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालून ज्या चपट्या निवगऱ्या उकडतात, त्या एकाही दुकानात मिळत नाहीत. उकड आपल्याकडेही उरतच असेल. निवगऱ्या ठेवणार असाल तर दर कळवावा. त्या गारही चालतील.